बुधवारची शीळ

बुधवारी दिवे लागल्यावर नागावातल्या त्या वाडीत कुणी जायचं नाही, हा नियम गावात पोरासोरांनाही पाठ होता. इतर सहा दिवस काकांकडे कुणीही जावं, सुपारी कातरत तासभर बसावं, बंद पडलेलं घड्याळ दाखवावं, सासरी गेलेल्या लेकीला पत्र लिहून घ्यावं. बुधवारी मात्र काका समुद्राकडच्या खोलीचं दार लावून घेत आणि आक्का, म्हणजे त्यांची थोरली विधवा बहीण, ओटीवर राखणीला बसत. कुणी आलंच तर त्या म्हणत, "आज तो घरात नाही." आतून तारयंत्राच्या किल्लीची टकटक चालू असे. "मग हे काय वाजतंय?" असं विचारलं तर न डगमगता सांगत, "पाल आहे."

गावात त्यांना तारवाले म्हणत. मी काका म्हणायचो. नातं काही नव्हतं. मी पेणचा, बदली होऊन तिथल्या शाळेवर आलेला पंचविशीतला मास्तर, आणि त्यांच्या वाडीपासून तीन वाड्या सोडून एका खोलीत भाड्याने राहणारा. काकांनी वीस वर्षं बोटींवर बिनतारी यंत्रावर नोकरी केली होती. पन्नाशी उलटल्यावर ते एक पत्र्याची ट्रंक आणि दोन घड्याळं घेऊन घरी परतले आणि माडांच्या सावलीत त्यांनी स्वतःचं बिनतारी केंद्र मांडलं. सरकारी परवाना चौकटीत घालून भिंतीवर लावला होता, गणपतीच्या तसबिरीशेजारी. मुंबईला रेडिओ सुरू होऊन तेव्हा पाचसहा वर्षं झाली असतील. गावात वीज नव्हती. काकांच्या बॅटऱ्या छकड्यात गवतावर ठेवून अलिबागला जात आणि भरून परत येत. आक्का त्यांना "माहेरवाशिणी" म्हणत.

पंचावर जाकीट आणि जाकिटाच्या दोन खिशांत दोन घड्याळं, असा त्यांचा बारमाही वेष. एक घड्याळ आपल्या वेळेचं, दुसरं बोटीवरचं, विलायतेच्या वेळेचं. आक्का जेवायला हाक मारत ती पहिल्या घड्याळाने आणि काका पानावर येत ते दुसऱ्याने. यावरून भावाबहिणीत रोज वाद होई आणि रोज भात गार होई.

त्यांचा खरा अभिमान म्हणजे त्यांचे कान. मी ओटीची पायरी चढलो की आतूनच म्हणत, "मास्तर, डावी वहाण झिजलीय तुझी." मागच्या वाडीत नारळ पडला की पाठ न वळवता सांगत, "विहिरीकडचा, सहावा माड." मी एकदोनदा मुद्दाम जाऊन पाहिलं. सहाव्याच माडाखाली नारळ असे. किल्लीवर माणसाचा हात ओळखता येतो, असंही ते सांगत. एकाचं टिंब आखूड, एकाची रेघ लांबलेली. "नाव सांगायची गरजच नाही," ते म्हणत. "माणूस बोटात असतो."

मला त्यांनी ती टिंबं-रेघांची भाषा शिकवली. चमच्याने बशीवर वाजवायचे आणि मी पाटीवर अक्षरं लिहायची. शिकवणीत त्यांच्या तोंडी एकच शब्द होता, "चुकलास." बरोबर आलं तर काहीच नाही, पुढचं अक्षर. मी शाळेत पोरांना शाबासकी वाटणारा माणूस, मला ते फार लागायचं. तीन वर्षं मी त्या एका शाबासकीच्या मागे होतो. पुढे जे केलं त्याला हीच भूक कारण झाली असं म्हणावंसं वाटतं, पण तसं म्हणणं ही पळवाट आहे, आणि पळवाटा मी आधीच पुष्कळ काढल्या आहेत.

ऐकण्यात खरखर आली की काका खूष होत. वैद्याला अवघड रोगी मिळावा तसं. खुंटीवरची वही काढत, तारीख, वेळ, वारा कुठला, भरती की ओहोटी, सगळं लिहीत. त्यांचा नेम असा, "आधी आपलं घर झाडावं, मग शेजाऱ्याचा कचरा बघावा." म्हणजे पहिल्यांदा बाहेरची तार, माडावर बांधलेली, लहरी पकडणारी, ती यंत्रापासून सोडवायची. खरखर राहिली तर दोष घरात, गेली तर बाहेर. घरातली असेल तर बॅटरी, जोड, व्हॉल्व्ह म्हणजे यंत्रातले काचेचे दिवे, एकेक करून. बाहेरची असेल तर आधी आपली तार, आपला माड, आपली जमिनीत पुरलेली पट्टी, आणि अगदी शेवटी दुसऱ्याचं काही.

एकदा आठ दिवस वाऱ्याबरोबर करकर येत होती. नारळ काढायला येणारा गडी माडावर चढवला. काका खिडकीत हेडफोन लावून बसले, मी मधे उभा राहून निरोप पोचवत होतो.

"हलव म्हणावं तार," काका म्हणाले.

मी ओरडलो. वरून उत्तर आलं, "वाऱ्यानं माडच हालतोय, मी काय हालवू?"

"मग धरून ठेव म्हणावं."

"माड धरू?" गडी म्हणाला. "मास्तर, काकांना इचारा, त्यांची तब्येत बरी हाय ना?"

शेवटी दोष सापडला तो गोठ्याच्या पत्र्यात. गंजलेला पत्रा बाहेरची तार ताणून धरणाऱ्या तारेला घासत होता. काकांना काय आनंद झाला. "आपलाच पत्रा," ते पुन्हा पुन्हा सांगत होते. "पलीकडच्यांच्या नावाने खडे फोडले असते तर आज तोंड दाखवायला जागा नव्हती." त्या दिवशी आक्कांनी गड्याला आणि मला खांडवी खाऊ घातली.

बुधवारचं गूढ मात्र गावाला सुटत नव्हतं. काकांचं आफ्रिकेत दुसरं घर आहे, बायको आहे, असं बाजारात बोललं जाई. मला त्यांनी एकदा आपण होऊन सांगितलं. बोटीवर बारा वर्षं त्यांचा एक जोडीदार होता, गोव्याचा. यंत्र एक, खुर्ची एक, माणसं दोन. एक कामावर असताना दुसरा खाली झोपलेला. पाळी बदलताना खुर्ची रिकामी ठेवायची नाही, असा दोघांचा रिवाज होता. येणाऱ्याने मागून खुर्चीच्या पाठीवर हात ठेवायचा, मग बसलेल्याने उठायचं, "खुर्ची तुझी" म्हणायचं आणि खाली जाऊन झोपायचं.

"बारा वर्षांत आम्ही एकमेकांशी बोललो ते एवढंच," काका म्हणाले. "मी जागा तेव्हा तो झोपलेला. आता तो मोंबासाला, मी इथे. म्हणून बुधवारी बोलतो. राहिलेलं."

"मला एकदा ऐकू द्याल?" मी विचारलं.

"बुधवार माझा आहे, मास्तर."

ते रागावून बोलले नव्हते. पण मला अपमान वाटला. तीन वर्षं बशीवरची टिंबं ऐकतो, बॅटऱ्यांच्या छकड्यामागे अलिबागपर्यंत चालत जातो, आणि मला दार बंद? मी दिवाळीच्या सुट्टीत मुंबईला गेलो आणि एक व्हॉल्व्ह, तांब्याची तार, जुना हेडफोन घेऊन आलो. काकांच्याच शिकवणुकीवर, त्यांच्याच वहीतली आकृती आठवून, महिनाभरात खोलीत एका व्हॉल्व्हचा सेट उभा केला. परवाना काढला नाही. परवाना काढला असता तर गावभर कळलं असतं. बाहेरची तार घरापासून आंब्यापर्यंत नेली आणि तिच्यावर दोन गंजीफ्रॉक वाळत घातले. कुणी विचारलं असतं तर कपड्यांची दोरी म्हणणार होतो. एवढी उंच दोरी कशाला, हे विचारण्याइतकं माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

पहिल्या बुधवारी आठ वाजता मी कान लावून बसलो. असल्या गरीब सेटवर टिंबं-रेघा ऐकायच्या तर आवाज ताणायची चकती पुढे पुढे न्यावी लागते, इतकी की सेट स्वतःच शीळ घालायला लागतो. त्या शिळेवर स्वार होऊन दूरचा आवाज येतो. आला. आधी काकांचा हात, जवळचा, ठणठणीत. मग समुद्रापलीकडून दुसरा, बारीक, रेघा किंचित लांबवणारा. मी हेडफोन कानांवर दाबून धरला.

बायको नव्हती, गुपित नव्हतं. दोन म्हातारे इंग्रजी तुकड्यांत एकमेकांना गुडघेदुखी सांगत होते. तिकडे पाऊस लांबलाय. इकडे सुपारीला रोग पडलाय. आक्का मिठाचा हात सैल सोडते. तिकडचा स्वयंपाकी मीठ घालायलाच विसरतो. एवढंच. मी दर बुधवारी ते चोरून ऐकू लागलो.

तिसऱ्या की चौथ्या गुरुवारी काका ओटीवर वही घेऊन बसले होते. "एक शीळ येते," म्हणाले. "बुधवारीच येते. तो बोलायला लागला की येते आणि नेमकी त्याच्या शेजारी येऊन बसते."

मला काहीच कळलं नाही, खरंच. मी मदतीला लागलो. आम्ही तार उतरवून घासली, जोड नवे केले, जमिनीतली पट्टी उकरून पुन्हा पुरली. पुढच्या बुधवारी काकांनी आपला नियम मोडून मला बोलावलं. लाकडी चौकटीवर तार गुंडाळून त्यांनी शीळ कुठून येते ते शोधायचं साधन केलं होतं. ती चौकट घेऊन मी माडांमधून फिरायचं आणि त्यांनी ऐकायचं. मी फिरलो. शीळ आलीच नाही. येणार कशी? माझा सेट माझ्या खोलीत गप्प पडला होता.

"तू आलास की पळते," काका हसून म्हणाले. "शाळामास्तराला भुतंसुद्धा भितात."

मी पण हसलो. आणखी एका बुधवारी तेच झालं. त्या दिवशी परतताना ते वाडीच्या कुंपणाशी थांबले आणि म्हणाले, "मास्तर, गावात दुसरा सेट असता ना, तर मी डोळे मिटून सांगितलं असतं. एखाद्याने सेट शीळ घालेपर्यंत ताणला की तो नुसता ऐकत नाही, बोलायलाही लागतो. त्याची शीळ त्याच्याच तारेवरून बाहेर पडते. तुझ्याकडे पोरं येतात, गावच्या गोष्टी कळतात. कुणी सेट आणलाय का?"

मी तिथेच उभा होतो. शीळ माझ्याच सेटची होती, हे मला तेव्हा कळलं. खरं सांगायला एक शब्द पुरला असता. पण विनापरवाना सेट, सरकारी पगार, आणि त्याहून मोठं म्हणजे चोरून ऐकल्याची लाज. मी म्हणालो, "नाही काका. कुणी नाही."

"नाही ना? मग नाही." त्यांनी वही उघडली, कंदील जवळ घेतला आणि 'बाहेरचा सेट' या ओळीवर सरळ काट मारली. माझ्या शब्दावर. मग म्हणाले, "म्हणजे आपलंच घर. पुन्हा झाडायला हवं."

दोन बुधवार मी सेटला हात लावला नाही. काकांची शीळ गेली, ते खुलले, नवा जोड घातल्याचा गुण म्हणाले. मला वाटलं, चला, निभावलं. तिसऱ्या बुधवारी मी स्वतःला समजावलं की चकती थोडीच ताणू, एवढ्याने काय होतंय. चटक लागली होती, दुसरं काय.

त्या बुधवारी मोंबासाचा हात नेहमीपेक्षा सावकाश चालत होता. गुडघा नाही, पाऊस नाही. मी पेन्सिल घेतली आणि लिहीत गेलो. 'शनिवारी पोटाचं ऑपरेशन. डॉक्टर हसत नाही. पुढे आलो नाही तर हाका मारत बसू नकोस, बॅटरी फुकट जाईल. आक्कांना नमस्कार. बारा वर्षांत तू एकदाही उशिरा आला नाहीस, ते सांगायचं राहिलं होतं. खुर्ची तुझी.'

लगेच काकांचा हात आला, घाईचा. 'शीळ आहे. काही कळलं नाही. पुन्हा सांग.'

शीळ माझी होती आणि ते मला माहीत होतं. चकती मागे घ्यायला बोटभर हालचाल पुरे होती. तिकडून तो सबंध निरोप पुन्हा सांगू लागला आणि मी चकती तशीच ठेवली. का? तर माझी दोन अक्षरं मला संशयास्पद वाटत होती. ती पडताळायची होती. पाटीवर 'चुकलास' ऐकून ऐकून मला एकदा तरी निर्दोष उतरवून घ्यायचं होतं. ती दोन्ही अक्षरं बरोबर निघाली. काकांनी तिसऱ्यांदा विचारलं. पलीकडून फक्त शेवटचे दोन शब्द आले आणि मग काही आलं नाही.

गुरुवारी मी कागद खिशात घालून त्यांच्याकडे गेलो. शनिवारला दोन दिवस होते. अलिबागहून मोंबासाला तार करता आली असती, दोन शब्द पोचले असते. काका खुर्चीत बसून होते. "काहीतरी लांब बोलला," म्हणाले. "कधी इतकं लांब बोलत नाही. दोनदा बोलला, मास्तर, आणि मला शिळेखेरीज काही लागलं नाही." माझा हात खिशात होता. कागदाची घडी बोटांना लागत होती. मी विचारलं, "चहा टाकायला सांगू का आक्कांना?" आणि चहा पिऊन घरी आलो. सेट मोडला, व्हॉल्व्ह विहिरीत टाकला. ते धैर्य मात्र मला लगेच आलं.

पुढचा बुधवार शांत गेला. त्याच्या पुढचाही. काका दोनदोन तास हाका मारीत. बॅटऱ्या उतरत, छकडा अलिबागला जाई. शीळ नव्हती आणि आवाजही नव्हता. काकांनी आपल्या नेमाप्रमाणे घर झाडत आणलं. यंत्र सबंध उकललं आणि पुन्हा जोडलं. दोष सापडेना. झाडता झाडता ते शेवटी स्वतःपाशी येऊन थांबले.

आक्कांनी मला ओटीवर गाठून सांगितलं, "मास्तर, त्याला काय झालंय? परवा नारळ पडला, मी सहज विचारलं कुठला रे, तर म्हणतो, मला नको विचारू, माझे कान गेलेत. शीळ कानातच होती म्हणतो. डॉक्टरकडे जाऊन आला. तेल घालायला दिलंय. तुमचं ऐकतो तो, तुम्ही समजावा ना."

ज्या कानांनी माझी झिजलेली वहाण ओळखली ते कान. मी आक्कांना "बघतो" म्हणालो.

दोन महिने असे गेल्यावर एका रविवारी दुपारी काकांनी मला बोलावलं. ट्रंक उघडी होती, वायरी गुंडाळून ठेवलेल्या होत्या. यंत्र तेवढं जागेवर होतं. "आवरतोय," म्हणाले. "त्याआधी एकदा तू ऐक. तुझे कान तरुण आहेत. यंत्र नीट आहे एवढं मला कळू दे."

मी खुर्चीत बसलो, हेडफोन लावला. ते पाठीमागे उभे. कानात समुद्राची गाज असावी तशी नुसती सळसळ होती, दुसरं काही नाही. आणि मला सुटकेची एक वाट दिसली. कबुली न देता कागद पोचवायची. मी हात वर केला, जणू काही ऐकू येतंय. पेन्सिल घेतली आणि सबंध निरोप लिहिला. पाठ होता. मधे थांबलो, चकती हलवल्यासारखं केलं. असलं सोंग मी आयुष्यात पुन्हा केलं नाही. कागद त्यांच्या हातात दिला आणि म्हणालो, "आला काका. तोच आहे."

त्यांनी वाचला. उभ्याउभ्याच, दोनदा. मग जाकिटातून एक घड्याळ काढलं, पाहिलं, ठेवलं. दुसरं काढलं, पाहिलं, ठेवलं. बाहेर ऊन कडकडीत होतं. भर दुपारी त्या लहरीवर समुद्रापलीकडचं काही येत नाही, हे त्यांनीच मला पहिल्या वर्षी शिकवलं होतं. लिहिताना मला ते आठवलं नव्हतं. आता आठवलं.

"शीळ होती का?" त्यांनी विचारलं.

"नव्हती."

"नसणारच," काका म्हणाले. "तू इथे आहेस."

त्यांनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. क्षणभर मला कळलं नाही, मग कळलं आणि मी उठलो. उठताना जे दोन शब्द म्हणायचा रिवाज होता ते म्हणायचा मला अधिकार नव्हता. काका बसले. खुंटीवरची वही काढली आणि दोन महिने मागे गेले. त्या बुधवारी त्यांनी लिहिलं होतं, 'लांब निरोप. दोनदा. वाचता आला नाही.' खाली सातआठ ओळी कोऱ्या सोडल्या होत्या. माझ्या कागदावरून त्यांनी निरोप त्या ओळींत उतरवून काढला, सावकाश, एकेक अक्षर बोटाखाली धरून. मागे पान उलटून 'बाहेरचा सेट'वर मारलेली काट त्यांनी पाहिली, पण तिला हात लावला नाही. स्वयंपाकघरातून आक्कांनी जेवायला हाक मारली. ते उठले नाहीत.

मी दाराशी उभा होतो. शिव्या, धक्का, काहीही चाललं असतं. काकांनी माझा कागद नीट घडी करून परत दिला.

"दोनदा पडताळलेला दिसतोय," म्हणाले. "एक अक्षर चुकलेलं नाही."

तीन वर्षं मी त्यांच्या तोंडून हेच ऐकायला धडपडत होतो.